वीट घ्यायची

सांगलवाडीच्या भट्टीवर मी खालून फेकायचो
आणि दस्तगीर नदाफ ट्रकवर उभा राहून घ्यायचा,
दोन-दोन विटा, जोडीनं,
मधे फट नाही.
"वीट धरायची नसती रं," म्हणायचा,
"ती येती तसं हात मागं न्यायचं.
पाव्हण्यासारखी आत घ्यायची."
माझी बोटं ठेचलेली असायची. त्याची नाही.

मग खो-खोच्या मैदानावर तो कुणाच्या तरी नजरेत भरला.
पुण्याहून आलेला माणूस, गळ्यात शिट्टी,
काखेत दोन्हीकडून निमुळता,
कच्च्या पपईएवढा चेंडू.
जमिनीवर पडला की कुठं उडेल
ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.
म्हणून पडू द्यायचा नाही,
एवढाच नियम आम्हाला कळला.

वाइड रिसीव्हर.
दस्तगीरच्या आईनं हा शब्द
भट्टीच्या मुकादमाला तीनदा सांगितला,
तिन्ही वेळा वेगळा.

फोनवर मला समजवायचा:
दहा पावलं सरळ पळायचं, मागं बघायचं नाही,
अकराव्याला आत वळायचं.
मी वळायच्या आधीच चेंडू सुटलेला असतो.
"म्हणजे जिथं कुणीच नाही तिथं टाकतो तो?"
"व्हय. आणि मी तिथं असतो."

दोन हंगाम.
पाठीवर एक्क्याऐंशी, खांद्यांवर ढाली, तोंडापुढं जाळी.
टीव्हीवर ओळखायचा तर
पळताना डावा कोपर जरा बाहेर जातो,
तेवढीच खूण.
तेहतीस घेतले, चार सोडले.
तेहतिसांतला एकच सांगतो:
हैदराबादला, रात्री, दिव्यांच्या झोतात चेंडू हरवला,
मग डोळेच मिटले, हात मागं नेले,
आली तशी घेतली.
चेंडूला तो अजून 'ती' म्हणतो.
सुटलेले चार मात्र तारीखवार सांगतो.

एका मंगळवारी हॉटेलात जेवण आलं नाही.
सरावाची बस आली नाही.
मालकाचा फोन बंद, मग लीगच बंद.
शेवटच्या हप्त्याचा चेक
मिरजेच्या बँकेचा शिक्का घेऊन परत आला,
तो हेल्मेटमध्ये ठेवलाय.
हेल्मेट परत घ्यायला कुणी उरलं नव्हतं,
म्हणून तेवढं घरी आलं.
गुडघा त्याआधीच गेलेला,
कुणी आपटलं नाही, धक्का नाही,
नुसता वळला.
अकरावं पाऊल.

वय सव्वीस.
मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर नंबर टाकायचं काम,
संध्याकाळी नखं पिवळी.
लोक विचारतात, तू फुटबॉल खेळायचास का रग्बी?
तो म्हणतो, विटा.

यंदा खणभागात त्याच्या घरावर
एक खोली चढवतोय आम्ही.
मी आता गवंडी, परांचीवर.
त्याला जिना चढवत नाही, म्हणून तो खालून टाकतो.
पहिल्याच दिवशी मी ओळंबा बघत होतो, पाठमोरा.
त्यानं हाक मारली नाही.
वळलो तर जोडी हवेत,
छातीच्या उंचीवर, थांबल्यासारखी,
जिथं मी अजून पोचलो नव्हतो.

हात मागं न्यायला उशीर झाला.
एक राहिली, एक खाली त्याच्या पायाशी फुटली.
हसला नाही. वाकला, गुडघा न वाकवता,
तुकडा उचलून बाजूला ठेवला.
"कोपऱ्याला अद्धा लागतोच," म्हणाला,
आणि पुढची जोडी उचलली.