झाकली मूठ

सराफ बाजारात, तीन पायऱ्या चढून,
दोन पेढ्यांच्या मधल्या फळीवर मी बसतो.
पायाच्या अंगठ्यात दोरा, ओठांत सुई,
समोर ताटलीत काळे मणी, मोहरीहून जरा मोठे.
कुठल्या मण्याचं भोक तिरकं आहे
ते मी न बघता सांगतो.
डोरल्याची पोत माझ्याकडून गाठवून नेलेली बाई
पुन्हा येते ती सोनं वाढलं तरच.
गाठ सुटली म्हणून अजून कुणी आलेलं नाही.

आणि घरी शरयू.
अकरा महिन्यांची, दीड महिना आधी आलेली,
डावी मूठ घट्ट मिटून,
अंगठा आत, कोंडून घातल्यासारखा.

'झाकली मूठ सव्वा लाखाची!'
बारशाला चुलत आत्या म्हणाली. बायका हसल्या.
मीसुद्धा.
पाचव्या महिन्यात हसणं थांबलं.

सोमवारी आणि गुरुवारी सिव्हिलमध्ये, मागच्या इमारतीत,
तडवी मॅडम चटईवर पालथ्या पडून
तिच्या डोळ्यांच्या उंचीला येतात.
'ओढायची नाही हं मूठ,' पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या,
'करंगळीच्या बाजूनं, हाताच्या पाठीवरून, सावकाश.
कुलूप नाहीये ते.
झोपलेलं मांजर समजा.'

मी कुलूपच समजलो होतो.

मग परातीत ज्वारीचं पीठ आलं, गव्हाचा कोंडा आला,
गंगेवरून आणलेली वाळू,
दोनदा धुतलेली, तीनदा चाळलेली.
उजव्या हातावर पायमोजा चढला,
डाव्या मनगटाला घुंगरू.
ते मी बांधलं. दहादा ओढून पाहिलं.
हर्षदा उकडलेलं गाजर बोटाएवढं कापून पुढ्यात ठेवते.
गाजर भिंतीला लागतं, कानात जातं,
माझ्या चष्म्यावर सुकतं.
'चुराडा झाला ना?' मॅडम खूश,
'म्हणजे मूठ कधीतरी उघडली असणार.'

एक गोष्ट मी हर्षदालाही बोललो नाही.
मला जे येतं
त्यातलं काहीच हिच्या हातात देता येत नाही.
सुई नाही, मेण नाही, मणी तर नाहीच.
रात्री दाराबाहेर उभा राहून सदरा झटकतो,
चपलेच्या शिवणीतून नख फिरवतो,
एखादा आला असेल माझ्याबरोबर घरी,
तिच्या घशाच्या मापाचा.
ज्यांच्यावर चूल पेटते
त्यांनाच उंबऱ्यावर झाडून यायचं.

परवा झटकूनही एक राहिलं.
मणी नव्हे. दोऱ्याचं टोक,
काळं, अर्ध्या बोटाचं, दुसऱ्या गुंडीपाशी चिकटलेलं.
मांडीवर घेतली तर तिला तेच दिसलं.
मोज्यातला हात आला, घसरला, परत गेला.
मग घुंगरू वाजलं.
मूठ आली, दोऱ्याला ओलांडून खांद्यापर्यंत गेली,
चिडली, मागे आली.
तर्जनी तेवढी एकटीच उठली,
रांगेतून बाहेर आलेल्या पोरासारखी.
मी श्वास धरला,
बारीक सुईत दोरा घालताना धरतो तसा.
आणि दुसऱ्या बाजूनं,
कुणी हाक न मारता,
अंगठा आला.

चिमटीत दोरा.
बावीस वर्षं हेच करतोय मी,
पण ते इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं.

'हर्षदा!' एवढंच ओरडलो.
ती पोळी तव्यावर टाकून धावत येईपर्यंत
दोरा तोंडात गेला होता.
बोट घालून काढला. शरयूनं टाहो फोडला,
आतून पोळी करपल्याचा वास,
शेजारच्या पगारे वहिनी दारात, काय झालं, काय झालं.

काय सांगणार?

रडता रडता तिची मूठ पुन्हा मिटली.
मी दिव्याखाली नेऊन पाहिली, नीट, चष्मा पुसून.
अंगठा बाहेर होता.