किती उंच ठेवू?

उद्यमबागेत, शेवटच्या शेडमध्ये
मौनेश बडिगेर फरशीवर खडूनं गाडी काढतो.
खरी गाडी बाजूलाच उभी आहे,
तिच्याकडे बघत नाही.
चासीच्या दोन रेघा, एक्सल,
आणि बापानं एकेक करत भरलेले अकरा पाटे
जिथं गंजून एकमेकांत रुतलेत
तिथं नुसते दोन गोल.
‘गाळी,’ म्हणतो. म्हणजे हवा.

मी खानापूरचे माठ भरतो, चोर्ल्यातून गोव्याला.
खाली पिंजर, वर पिंजर, माठात लहान माठ.
उतरवताना बोटाच्या पेरानं वाजवत जायचं:
टण, टण, टण, बद्द.
बद्दचे पैसे माझ्या भाड्यातून.
बापाकडे यावर एकच औषध होतं,
आणखी एक पाटा घाल.
पाटे ताठ राहिले, त्याचा मणका बसला.

बेलो दोन, मोडीत निघालेल्या बसचे.
‘साबणाचं पाणी लावू. बुडबुडा आला तर परत.’
व्यास पंचवीस. मौनेश मांडीवरच गुणतो:
पाचशे चौरस गुणिले सहा किलो हवा,
तीन टन. एका बाजूला.
एक आडवा रॉड पाहिजेच,
नाहीतर वळणावर एक्सल सरकतो
रुसलेल्या जावयासारखा.
हवा ब्रेकच्याच टाकीतून, पण मध्ये व्हॉल्व्ह:
आधी ब्रेक पोटभर जेवणार,
उरलं तर आपली गादी.
पासिंगचं काय, विचारलं
तर खडू कानावर ठेवून म्हणाला, बघूया की.

मग वर बघून, ‘एष्टु एत्तर?’
किती उंच ठेवू?

मला शेवंताक्का दिसली,
भट्टीपासून फाळक्यापर्यंत प्रत्येक माठ
कपाळाच्या वर उचलून देणारी,
उजवा खांदा आता पुरता वर जात नाही तिचा.
निम्मे माठ घाट लागायच्या आधीच
तिथंच तडकतात, आणि ते आम्ही दोघंही
घाटाच्या नावावर लिहितो.

म्हटलं, खाली किती येईल?

मौनेश थांबला.
सगळे वर किती जाईल तेच विचारतात, म्हणाला.
पायानं गोल पुसले, पुन्हा काढले, जरा चपटे.
हातानं सोडायचा वेगळा व्हॉल्व्ह,
आणखी साडेचार हजार.
गाडी बसेल. फार तर अर्धी वीत.

अर्धी वीत म्हणजे
भुवईपासून ओठापर्यंत.
मी स्वतःच्या तोंडावर मोजून बघितलं,
त्याच्या पोरानं हसून तोंड फिरवलं.

‘घाल,’ म्हटलं. पैसे कुठून, ते म्हटलं नाही.

खडूच्या गाडीला वळसा घालून
लोखंडाच्या गाडीत चढलो.
पिरनवाडीच्या पहिल्याच खड्ड्यात
अकरा पाटे एकदम काहीतरी बोलले.
मी कमरेचा पट्टा एक भोक आवळला
आणि दुसरा गिअर टाकला.