पंच क्रमांक दोन

निफाडच्या तहसील कचेरीसमोर
माझं झेरॉक्सचं दुकान.
सातबारा, आधार, जातीचा दाखला,
दोन रुपयाला एक बाजू.
शेवाळे बाई आल्या, नायब तहसीलदार,
म्हणाल्या, शटर ओढा, पंच हवाय.
चहा अर्धा राहिला.

जीपमध्ये पंच क्रमांक एक, रसवंतीवाला भिकचंद,
चांदोरी फाट्यापर्यंत एकच पालुपद:
भट्टीवाला आपलं गिऱ्हाईक आहे हो.

पंचनाम्याला चतुःसीमा लागतात.
पूर्वेस गोदावरीची गाळपेर,
पश्चिमेस द्राक्षबाग, उत्तरेस मालकाचा बंगला,
दक्षिणेस रस्ता.
रस्ता उघडा. कुंपण नाही, कुलूप नाही.
हवालदार म्हणाला, मग कोंडलंय कुठं?

रंजी भोये, पेठ तालुक्यातली,
लाल वहीकडे बोट दाखवून म्हणाली,
त्याच्यात.

उचल, सात हजार, दिवाळीच्या आधी.
मग मीठ. मग खोकल्याचं औषध.
मग खाडे. मग फुटक्या विटा.
मग नवऱ्याला जाळायची लाकडं, नऊशे.
चौथ्या वर्षी बेरीज एकेचाळीस हजार,
खाली अंगठा,
नुसता निळा डाग.
बोटांच्या रेषा विटांनी खाल्लेल्या.

तिची पोरगी साच्याशी बसलेली.
थांब म्हटलं तरी थांबेना.
बाईंनी वाकून विचारलं, किती वर्षांची गं तू?
ती म्हणाली, सहाशे चाळीस.
हजार झाल्याशिवाय उठायचं नव्हतं.
बाईंनी पेन खाली ठेवलं,
मग उचललं, आणि लिहिलं:
वय अंदाजे आठ.

रात्री दुकान उघडून
त्या वहीच्या तीन प्रती मीच काढल्या.
कागद गरम बाहेर येतो, रोजच येतो.
त्या दिवशी हाताला कळलं.

खटला नाशिकला. तारखा पडत राहिल्या.
मधे एक माणूस दुकानात आला,
कोऱ्या कागदाची झेरॉक्स मागितली.
एकच. पाचशेची नोट ठेवली,
म्हणाला, सुटे राहू द्या, पोरं शाळेत जातात ना तुमची?
तो कोरा कागद अजून आहे माझ्याकडे.
टाकवत नाही.

तीन वर्षांनी भिकचंदनं शपथेवर सांगितलं,
मी जीपमधून उतरलोच नव्हतो.
मग माझा पुकारा.
घसा कोरडा. खोटं का बोलू, मीही
येताना बसमध्ये तेच वाक्य म्हणून पाहिलं होतं.

वकिलांनी विचारलं, कुलूप होतं?
नव्हतं.
दार?
नव्हतं.
मारताना कुणाला पाहिलंत?
नाही.
मग या बाईला अडवलं कुणी, सांगा ना कोर्टाला.
मी म्हणालो, साहेब,
मुद्देमालातली वही उघडा,
लाकडाचे नऊशे जिथं लिहिलेत ते पान.

कोर्टात पान उलटल्याचा आवाज
एवढा मोठा असतो हे माहीत नव्हतं.

निकाल पुढच्या तारखेला.
त्याची पुढची तारीखही पडेल, आता कळतं मला.

पण परवा रंजी आली होती दुकानात, पोरीला घेऊन.
सुटकेचा दाखला, घडीवर फाटत आलेला,
म्हणाली, याला प्लास्टिक करा.
केलं. म्हटलं, राहू द्या पैसे.
तिनं ऐकलं नाही.
पदराची गाठ सोडली, चार नाणी काढली,
पोरीनं मोजली, वीस,
आणि काउंटरवरच्या माझ्या उधारीच्या वहीकडे बघत
रंजी म्हणाली,
लिहू नका कुठं.