सोळा पानं कमी

भालोद-फैजपूरच्या शिवारात, पौषातल्या एका शनिवारी
आम्ही चौघं जमतो. निमित्त भरिताचं.
वांगी बामणोदची, पऱ्हाट्या चुडामणच्या शेतातल्या,
मिरच्या ज्याच्या त्याच्या सोसण्याएवढ्या,
आणि प्रत्येकानं इतक्यात वाचलेलं एक पुस्तक.
हा नियम कुणी केला आठवत नाही.
मोडला मात्र अजून कुणी नाही.

चुडामण फिरके. बत्तीस वर्षं मालगाडीचा गार्ड.
मागच्या साली त्यानं एक प्रेमकथा
पान चाळीसलाच रुळावरून उतरवली:
"हा गडी भुसावळहून रातच्या तीनला सुरतेकडं निंघतो म्हने.
त्या साली तीनला गाडीच नव्हती, भो!
आसं कुठी राह्यतं का?"
"पण तिच्या निरोपाला रडलास की नाही?" नलिनीनं विचारलं.
"रडलो नं.
पन नसलेल्या गाडीसाठी."

नलिनी बोरोले, उपकेंद्रातली सिस्टर.
तिचं पुस्तक विटेएवढं, वर बक्षिसाचा शिक्का.
"सहाशे पानं. तीन पिढ्या. अकरा बाळंतपणं.
एकदाही कुणी पाणी तापवत ठेवलं नाही.
पान उलटलं की मूल!
लेखकाला प्रत्येक वेळी दाराबाहेर बसवलेलं दिसतंय."
तरी ती ते परत वाचणार होती,
त्यातल्या गूळ लपवणाऱ्या सासूसाठी.

मी वीज मंडळात वायरमन.
कवितांचं आणलं होतं, बारीक होतं म्हणून.
मत काय सांगणार?
एक ओळ तीनदा वाचून कळली नव्हती,
ती खांबावर चढल्यावर कळली,
खाली उतरेस्तोवर गेली.
"हे काय मत झालं?" चुडामण म्हणाला.
मला तर झालं वाटतं.

मग सिकंदर तडवी. पालच्या वरच्या जंगलात गार्ड.
तो गार्ड आणि चुडामण गार्ड,
यावर दरवर्षी एक विनोद होतो, तो झाला.
त्याचं पुस्तक रावेरच्या वाचनालयातलं:
एक माणूस हरवलेल्या भावाला शोधत निघतो.
शेवटची सोळा पानं नव्हती.
वाळवीनं नाही, कुणीतरी ब्लेडनं सरळ कापलेली.
"मंग पुढं?"
"पुढचं मीच लावलं," सिकंदर म्हणाला.

धाकटा सापडतो. एका धाब्यावर भांडी विसळत असतो.
थोरला समोर जाऊन उभा राहतो.
धाकटा वर न बघता विचारतो, "जेवलास?"
बास. संपलं.

वांगी जळायला लागली होती, कुणी उलटली नाहीत.
सिकंदरच्या भावाचा विषय
आम्ही कुणीच कधी काढत नाही.

उन्हाळ्यात जळगावला रद्दीच्या ढिगात
तीच कादंबरी दिसली. अख्खी. साठ रुपये.
परतीच्या एसटीत उभ्यानंच शेवट वाचला.
धाकटा माडीवरून थोरल्याला येताना बघतो,
ओळखतो,
आणि खाली गड्याला सांगतो:
घरी नाहीत म्हण.
लिहिलंय झकास. एक शब्द जास्त नाही.
सावद्याला उतरायचं होतं, पुढं गेलो.

यंदा सिकंदरनं विचारलं,
"कुठी पुरी प्रत दिसली का रे?"
मी बडजीत मिरच्या ठेचत होतो.
नाही म्हटलं.
यंदा मी आणलेल्या पुस्तकावर खूप बोललो,
गरजेपेक्षा जास्त. नलिनीनं एकदा बघितलं माझ्याकडे.

मत माझं पक्कं आहे:
लेखकापेक्षा सिकंदरचा शेवट खरा.
पण हे त्याला सांगायचं
तर दुसराही वाचलाय, हे सांगावं लागेल.

ती प्रत हत्यारांच्या पिशवीत आहे अजून,
टेस्टर आणि पकडीच्या मधे.
रावेरच्या त्या प्रतीला कुणी हात लावला असेल,
याचा पूर्वी राग यायचा.
आता येत नाही.

वायर सोलायचं ब्लेडही
त्याच पिशवीत असतं.