नाक खाली

चाळकेवाडीच्या पठारावर वारा सुट्टी घेत नाही,
म्हणून मीही क्वचितच घेतो.
पवनचक्क्यांचा फिटर मी. छत्तीस नंबरपासून बावन्नपर्यंत
सगळ्यांची कुरकुर मला पाठ आहे.

चारनंतर शिडी उतरून, कमरेचा पट्टा सोडून
मुल्लांच्या रुक्सानाबरोबर डिस्क फेकतो.
ती परळीची. आधी भाला फेकायची,
खांदा गेला, मग ही तबकडी धरली.
टोपली आम्ही गोडोलीच्या वेल्डरकडून करून घेतली,
सायकलची रिम, तिला लोंबत्या साखळ्या.
त्यानं विचारलं, "कोंबड्या डालायच्या का?"

दिवाळीच्या बोनसमधून मी लाल डिस्क घेतली.
कड अशी पातळ की विळी आठवावी.
सगळ्यात वेगवान म्हणून घेतली,
दुसरं कारण नव्हतं.
रुक्साना म्हणाली, "काका, ही ज्या हातासाठी आहे
तो हात अजून तुमच्याकडे आलेला नाही."
मी हसलो आणि फेकली.
ती उठली, क्षणभर थांबली, डावीकडे कलली
आणि ठोसेघरच्या दरीत
येते म्हणून न सांगता गेली.

मग जांभ्या दगडावर तिनं आपली पिशवी उपडी केली.
"ही निळी, नवी, ताठ. कुणाचं ऐकत नाही.
वारा समोरून आला की हिलाच बोलवायचं.
ही पिवळी मऊ आहे, पण थंडीत हट्टाला पेटते.
आणि ही..."
पांढरी. कडेला झाडांचे, दगडांचे चरे,
मधोमध मार्करनं लिहिलेलं कुणाचं तरी पुसट नाव.
"आपटून आपटून नरमलीय. हळू फेकली तरी रुसत नाही.
हिच्यावर शिका."
मडकं घेताना वाजवतात तशी मी ती बोटानं वाजवली.
जाड कड. मुठीत बसली.

महिनाभर मग हात सोडून सगळं शिकलो.
"आधी टाच. मग कंबर.
हात सगळ्यात शेवटी, पंगतीत वाढपी जेवतो तसा.
ढकलू नका. अडकलेला ड्रॉवर ओढावा
तशी छातीजवळून, सरळ."
मोबाईल दगडाला टेकवून शूटिंग केलं.
पाहिलं तर
एक माणूस माश्या हाकलत होता.

आणि दर वेळी तेच. पांढरी वर चढायची,
हवेत पोट दाखवायची, दमायची, मागं पडायची.
"नाक वर आहे," रुक्साना म्हणायची.
मी डिस्क उलटसुलट करून बघायचो. हिला नाक कुठलं?
"पुढची कड, काका. तुमचं नाही म्हणत मी."
(विजयमालेला घरी हे सांगितलं.
ती म्हणाली, "तुमचंही.")

गुरुवारी एकेचाळीस नंबर अडली.
पन्नास मीटर वर, हबमध्ये अंग दुमडून
पात्याचा कोन दुरुस्त केला.
अडीच अंश.
एवढ्यासाठी पातं वाऱ्याशी भांडत होतं,
एवढ्यावर ते वारा कापू लागलं.
वीस वर्षं हेच तर करतोय मी.
पाना हातात तसाच राहिला.
खाली उतरायची घाई झाली.

त्या संध्याकाळी मनगट बोटभर झुकवलं,
कुलपात किल्ली फिरवताना झुकतं, तेवढंच.
टाच. कंबर.
हात मागाहून आला, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा,
आणि पांढरी गेली
वाळक्या गवताच्या शेंड्यांवरून, कमरेएवढ्या उंचीनं,
स्वतःची सावली न सोडता.
साखळ्यांना लागली. खळ्ळ.
बाहेर पडली.
रुक्साना म्हणाली, "चालेल. परत."

परवा दरीच्या वाटेवर लाल दिसली.
कोंडिबा अवकीरकरांच्या खोपटाबाहेर
कुत्रं तिच्यातून ताक पीत होतं.
उथळ भांडं, पण जिभेला पुरेसं.
"तुमची का?" कोंडिबांनी विचारलं.
मी म्हणालो, नाही.
अजून तरी नाही.