दोन नको

माझा भाऊ माझ्या आवाजात बोलायचा,
मागच्या दिवाळीपर्यंत.

पवननगरच्या खोलीत पंखा बंद करून,
डोक्यावरून गोधडी घेऊन
एकोणीस वर्षांच्या मी एकेक शब्द फोनला सांगितला होता:
पाणी. नको. मान दुखते. डास. टीव्ही लाव.
'घरी' म्हणताना अंबडच्या कंपनीचा भोंगा झाला,
तो तसाच राहिला आत.
पुढे भूषण जेव्हा जेव्हा 'घरी' म्हणाला
तेव्हा पाठीमागे कुठलीतरी पाळी सुटली.

खुर्चीच्या हाताला फोन,
फोनवर अॅक्रिलिकची जाळी, बोट घसरू नये म्हणून.
आणि ते बोट:
आधी हवेत गिरक्या, मग खांदा, मग मान,
मग सगळं अंग एका चौकोनात उतरवायचं.
लोकांना तेवढा दम नसतो.
चहा हवाय का? आत न्यायचं का? झोप आली का?
तो थांबतो. त्यांचं संपू देतो.
पुन्हा पहिल्यापासून.

आमची भांडणं मात्र अजब व्हायची.
मी म्हणायची, नाही म्हणजे नाही.
माझाच आवाज मला म्हणायचा, का नाही?
पगारे काकूंनी एकदा आईला बाजूला घेऊन विचारलं,
पोरगी एकटीच का भांडते हो?

सत्ताविसावं लागलं त्याला.
मी दाढी करत होते त्याची,
गालावर फेस, आणि बोट उठलं.
आवाज.
बदल.
माझ्या हातातला वस्तरा हवेतच.
का रे, वाईट आहे का माझा?
बराच वेळ गेला. फेस वाळत आला.
मी. ताई. नाही.

मशीनमधला पुरुष आणून बघितला.
त्याला 'ळ' येत नव्हता.
मिसळ दाबलं की मिसल म्हणायचा.
नाशकात राहून मिसल!
भूषणने तोंड भिंतीकडे केलं.

मग दहा दिवस आम्ही माणसं ऐकत फिरलो.
त्रिमूर्ती चौकातला रिक्षावाला,
सिटी बसचा कंडक्टर, भेळेच्या गाडीवरचा पोरगा.
नको. नको. हा तर मुळीच नको.
अकराव्या दिवशी कोपऱ्यावर टेम्पोवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता,
पिंपळगावहून द्राक्षांचे क्रेट आणणारा सोपान बेंडकुळे.
आवाज म्हणजे पत्र्यावरून ओढलेली खाट.
भूषणचा पाय थाडकन आपटला.
तो हसला की असं होतं.

माझा आवाज? बेंडकुळे म्हणाला,
च्यायला, बायको म्हणते तो जरा कमी करा!

टेम्पोच्या केबिनमध्ये काचा वर करून बसलो,
फुटक्या द्राक्षांचा आंबूस वास,
आणि माझी दोनशे बारा शब्दांची यादी.
तंबाखू थुंकून, चूळ भरून, परीक्षेला बसल्यासारखा तो वाचत गेला.
'नको'शी अडला.
कसं म्हणू, दादा? साधं का रागाचं?

त्याने मला नव्हतं विचारलं.
मागच्या सीटवर वाकून भूषणला विचारलं.
आणि हे मला दहा वर्षांत सुचलं नव्हतं.
सगळे नको मी त्याला एकाच चालीत दिले होते,
गोड. पाहुण्यांसमोर चालतील असे.

बोट निघालं. आम्ही तिघं बघत राहिलो,
मी, बेंडकुळे, आणि आरशाला टांगलेली सप्तशृंगी.
दोन्ही.

म्हणून आता यादीत दोनशे तेरा आहेत.

आई अजून दचकते, डोक्यावर पदर घेते
घरात कोण परका आला म्हणून.
डॉक्टर आता आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे.
रागाचं नको त्याने पहिल्याच आठवड्यात मला तीनदा ऐकवलं.
तीनदापैकी दोनदा त्याचं बरोबर होतं.

माझे शब्द त्याने स्वतः पुसले,
अख्खी दुपार लागली. मी मदतीला हात पुढे केला
तर साधं नको.

एक राहिलाय. विसरला की ठेवला, मी विचारलेलं नाही.
ती कंपनी बंद पडून चार वर्षं झाली.
काल रात्री दिवे घालवल्यावर त्याने तो दाबला,
एकोणीस वर्षांची मी, मागे भोंगा:
घरी.

घरीच तर होतो आम्ही.