बुचाचं माप

यातेंगाच्या त्या उतारावर
जमीन टकली आहे.
पाऊस तिच्या कपाळावरून घसरतो, आत येत नाही.
आम्ही तिला झिपेले म्हणतो.
पोको म्हणते, रुसलेली.

पोको माझी थोरली सवत.
तिचे गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.
फेब्रुवारीत धुळकट वारा ओठ फोडत असतो
तेव्हा आम्ही दोघी खळगे खणतो,
पाऊल सोडून एक, वीतभर खोल.
किती झाले ते मोजणं सोडलं
की हात बरे चालतात.

खळग्यात दोन मुठी शेणखत.
ते बुरेइमाच्या गुरांचं.
सुगीनंतर तो कळप घेऊन दक्षिणेला निघतो,
सात रात्री आमच्या धसकटांवर बसतो.
आम्ही त्याला पाणी देतो, मीठ देतो,
तो आम्हाला शेण
आणि खोट्या बातम्या.

मग वाळवी येते.
शेणाच्या वासानं खालून वर चढते,
बोगदे पाडते,
आणि आमच्या ठोंब्याला जे जमलं नाही
ते रातोरात उरकते.
पोको वाळवीला शिवी देत नाही
(घराच्या तुळईतली सोडून).

नुसतं शेणखत होतं त्या वर्षी
ज्वारी जगली. एवढंच.
कणसं तान्ह्या मुलाच्या मुठीएवढी,
तशीच गच्च मिटलेली.

पुढच्या वर्षी नवऱ्याने
कोकोच्या मळ्यातून पैसे धाडले.
मी वाहिगुयाच्या बाजारातून गोणी आणली,
करड्या दाण्यांची.
पोकोने वास घेतला आणि तोंड फिरवलं.
म्हणून मी हट्टाने
माझ्या वाट्याच्या शेतात शेण पडू दिलं नाही,
नुसती गोणी रिकामी केली.
महिनाभर शेत असं हिरवं, असं हिरवं
की शेजारची पोरं बघायला यायची.
मग सतरा दिवस आभाळ कोरडं.
पानांची टोकं वातीसारखी जळत खाली आली.
पोको बांधावर येऊन उभी राहिली,
काही म्हणाली नाही.
तिचं ते न म्हणणं मला अजून पाठ आहे.

तिसऱ्या वर्षी शेतकी खात्याचा पोरगा
मोटरसायकलवर आला.
म्हणाला, गोणी कशाला, सोड्याचं बूच आहे का?
होतं.
सलामाताच्या लग्नातलं, संत्र्याच्या सोड्याचं,
कमरेच्या गाठीत उगाच जपलेलं.
रोप वर आलं की खळग्याला एक बूच,
खोडापासून चार बोटं लांब, वरून माती.
पण खाली शेणखत असेल तरच.
आणि नसेल तर? पोकोने विचारलं.
तर पीक जेवतं, माती उपाशी राहते.
पोको म्हणाली, असलं घर मी पाहिलंय.
मग माझ्याकडे बघून,
म्हणजे हांडी माझी, मीठ हिचं.

त्या वर्षीही आभाळ मध्येच गप्प झालं,
अकरा दिवस.
खळग्यात बोट घातलं तर
खाली शेण ओलं होतं, गार,
आजारी माणसाच्या कपाळावर ठेवलेल्या
फडक्यासारखं.
पानं थोडी वळली. जळली नाहीत.

कोठार ओसंडलं वगैरे नाही.
पण मार्च उजाडला तरी
वरून हात घातला की दाणे लागत होते,
शिडी लावून आत उतरावं लागलं नाही.
नवऱ्याला कळवलं, गोणी छोटी आण.
तो हसला असावा. फोन तुटला.

बूच आता पोकोच्या गळ्यात असतं, दोऱ्यात ओवलेलं.
कुणी मागितलं तर देते,
पण परत येईपर्यंत बांधावर बसून राहते.
यंदा पेरणीनंतर ते हरवलं.
पोरींनी दहा नवी आणली.
तिने एकेक भरून तळहातावर ओतलं,
हे जास्त घेतं, हे चोर आहे,
आणि सगळी परत केली.

चौथ्या दिवशी सापडलं,
सहाव्या ओळीत, खळग्याच्या काठाला.
वाळवीने त्याच्या आत
नखाएवढी माती लिंपली होती.
मी पदराने पुसायला गेले.
राहू दे, पोको म्हणाली,
तेवढं कमी पडेल.
आणि तसंच भरून पुढच्या खळग्याकडे वळली,
गुडघा धरून, कण्हत.